आकडा दिसतो, पण संख्या नसते: डेटा टाइप आणि टाइप मिसमॅच यांविषयी मदत हवी आहे

उन्हाळकांदा (धागाकर्ती) | सोमवार, रात्री ९:१०

नमस्कार. मी निफाड तालुक्यात राहते. वाणिज्य शाखेची पदवी झाली आहे आणि गेले दोन महिने आठवड्यातून तीन दिवस नाशिकला येऊन पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकत आहे. सराव व्हावा म्हणून वडिलांच्या कांद्याच्या हिशोबाचा एक छोटा प्रोग्राम लिहायला घेतला. भरलेल्या ट्रॉलीचे वजन, रिकाम्या ट्रॉलीचे वजन, लिलावात मिळालेला क्विंटलचा भाव, ट्रॅक्टरचे भाडे आणि मजुरी एवढी माहिती विचारायची आणि खर्च जाऊन हातात किती रक्कम उरली ते सांगायचे, इतकेच त्याचे काम आहे. (आज्ञांची नावे येथे वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत लिहीत आहे, प्रोग्राममध्ये ती अर्थातच रोमन लिपीत आहेत.)

अडचण अशी की एकाच प्रोग्राममध्ये मला तीन निरनिराळे अनुभव आले. भाडे १८०० आणि मजुरी ३५० दिली आणि दोन्हींची बेरीज मागितली, तर उत्तर १८००३५० आले आणि कोणताही एरर आला नाही. वडिलांनी स्क्रीनकडे पाहून विचारले, “अठरा लाख भाडं? एवढ्यात आपलेच दोन ट्रॅक्टर आले असते की.” पुढच्याच ओळीत भरलेल्या वजनातून रिकामे वजन वजा केले, तर मात्र प्रोग्राम टाइपएरर देऊन थांबला, स्ट्रिंग (म्हणजे चिन्हांचा मजकूर) आणि स्ट्रिंग यांच्यात वजाबाकीचे चिन्ह चालत नाही, अशा अर्थाची ती ओळ होती. वर्गातल्या एका मैत्रिणीने “इंट लाव, सुटेल” असे सांगितले, म्हणून सगळीकडे इंट (मजकुराचा पूर्णांक करणारी आज्ञा) लावले. तेव्हा ३१.६० हे वजन दिल्याबरोबर व्हॅल्यूएरर आला, आणि तोही कसाबसा मिटवल्यावर शेवटी “हातात आलेली रक्कम: ” या शब्दांपुढे रक्कम जोडताना पुन्हा टाइपएरर आला.

माझा प्रश्न एवढाच आहे की कोणत्या जागी काय लावायचे हे आधीच ठरवता येईल असा काही नियम आहे का, की एरर येईल तसतसे ठिगळ लावत जायचे हीच प्रोग्रामिंगची रीत आहे?

मिसळ_तर्री_कमी | सोमवार, रात्री ९:२२

आमच्या वर्गात इंट हे बामासारखे वापरले जाई. कुठेही दुखले तरी लावायचे.

सातपूरशिफ्ट | सोमवार, रात्री १०:०५

ताई, तुमचा प्रश्न नेमका आहे आणि तुम्हाला आलेले अनुभव परस्परविरोधी वाटले तरी त्यांच्यामागचे कारण एकच आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

की-बोर्डवर आपण संख्या टाइप करत नाही, चिन्हे टाइप करतो. एक, आठ, शून्य, शून्य ही चार चिन्हे एकापुढे एक आली, एवढेच संगणकाला कळते. त्यांतल्या इंग्रजी एकच्या चिन्हाचा संकेतांक ४९ आहे आणि शून्याचा ४८. अठराशे या राशीशी त्यांचा अजून काहीही संबंध आलेला नसतो. म्हणून पायथनमध्ये इनपुट ही आज्ञा नेहमी स्ट्रिंगच परत देते, मग तुम्ही भाव लिहा की गावाचे नाव लिहा.

आता बेरजेचे चिन्ह. पायथनमध्ये त्याला दोन कामे नेमून दिली आहेत: दोन संख्या असतील तर बेरीज करायची आणि दोन स्ट्रिंग असतील तर त्या जोडायच्या. “राम” अधिक “कुंड” बरोबर “रामकुंड”. त्याच न्यायाने “१८००” अधिक “३५०” बरोबर “१८००३५०”. पायथनच्या दृष्टीने ते उत्तर पूर्ण बरोबर आहे, त्यामुळे एरर येण्याचे कारणच नाही. वजाबाकीच्या चिन्हाला मात्र स्ट्रिंगसाठी कोणतेही काम दिलेले नाही, म्हणून तेथे प्रोग्राम थांबला. शेवटच्या ओळीत एका बाजूला स्ट्रिंग आणि दुसऱ्या बाजूला संख्या आली. तेथे जोडायचे की मिळवायचे हे पायथन स्वतःहून ठरवत नाही, तो काम नाकारतो. जावास्क्रिप्ट ही दुसरी भाषा मात्र अंदाज बांधते. तिच्यात स्ट्रिंग ‘५’ अधिक संख्या ३ केले तर ‘५३’ मिळते आणि त्याच दोघांची वजाबाकी केली तर २ मिळतात.

दोन एररमधला फरकही लक्षात ठेवण्यासारखा आहे. टाइपएररचा अर्थ असा की या कामासाठी माहितीचा हा प्रकारच (डेटा टाइप) चालत नाही. व्हॅल्यूएररचा अर्थ असा की प्रकार चालतो, पण आतला मजकूर चालत नाही. इंटला स्ट्रिंग दिलेली चालते, पण त्या स्ट्रिंगमध्ये पूर्णांक लिहिलेला असावा लागतो, “३१.६०” मध्ये दशांशचिन्ह असल्यामुळे तो अडला. तेथे फ्लोट, म्हणजे दशांश संख्येचा प्रकार, हवा.

राहिला नियमाचा प्रश्न. तुमच्याच धंद्यातले उदाहरण देतो. बाजारात ट्रॉली आधी भुईकाट्यावर जाते, वजन होते आणि त्यानंतरचा सगळा हिशोब त्या चिठ्ठीवर चालतो. मधल्या प्रत्येक टेबलावर कोणी पुन्हा ट्रॉली मोजत बसत नाही. प्रोग्राममध्येही बाहेरून माहिती आत येते त्या ओळीवरच तिचा प्रकार ठरवून टाकावा. म्हणजे भाडे = इंट(इनपुट(...)) हे एकाच ओळीत. पुढे मध्येच कोठे इंट किंवा फ्लोट लिहिण्याची वेळ आली, तर वेशीवरचे काम राहून गेले असे समजावे.

कट्टेकरी | सोमवार, रात्री १०:४०

इतका विचार करण्यापेक्षा इंट(फ्लोट(इनपुट(...))) असे लिहावे. दशांश असो वा नसो, एरर येत नाही. मी दोन वर्षे हेच करत आलो आहे.

दशांशचिन्ह | सोमवार, रात्री ११:१५

कट्टेकरी, एरर येत नाही हे खरे आहे, पण फ्लोटला इंट लावले की दशांशानंतरचा भाग गुपचूप कापला जातो. जवळच्या पूर्णांकाकडेही तो जात नाही. ३१.६० क्विंटलचे ३१ क्विंटल झाले. एका वजनात साठ किलो कांदा गेला आणि प्रोग्रामने हूं की चूं केले नाही. आधीच्या एररने निदान दारात उभे राहून सांगितले तरी होते.

कट्टेकरी | सोमवार, रात्री ११:२१

मान्य. दोन वर्षांत मी काय काय कापले असेल, या विचाराने आता झोप लागणार नाही.

फळ्यावरचा_खडू | मंगळवार, सकाळी ७:३०

मी निवृत्त शिक्षक आहे. आम्ही जीडब्ल्यू-बेसिक ही जुनी भाषा शिकवत असू तेव्हा अक्षरे ठेवायच्या व्हेरिएबलच्या (माहिती ठेवण्यासाठी नाव दिलेल्या जागेच्या) नावाला शेवटी डॉलरचे चिन्ह लावावे लागे. नाव वाचताच आत काय आहे ते विद्यार्थ्याला कळत असे. चुकून संख्येच्या जागी अक्षरे ठेवली तर ‘टाइप मिसमॅच’ असा एरर येई आणि त्याचा क्रमांक १३ होता. पुढे व्हिज्युअल बेसिक आले, ऑफिसमधले मॅक्रो आले, पण टाइप मिसमॅचचा क्रमांक तेराच राहिला. संख्या विचारली असताना कोणी अक्षरे टाइप केली, तर बेसिक ‘रीडू फ्रॉम स्टार्ट’ म्हणून पुन्हा विचारत असे. म्हणजे सातपूरशिफ्ट म्हणतात तो भुईकाटा भाषेतच बसवलेला होता.

माझे मत असे की नवशिक्यांना प्रकार आधी जाहीर करावा लागणाऱ्या भाषेपासूनच सुरुवात करून द्यावी. पायथनमध्ये काल जे व्हेरिएबल संख्या होते ते आज स्ट्रिंग होऊ शकते, आणि ही मोकळीक शिकाऊ मुलांना पेलत नाही.

पंचवटी_पासधारक | मंगळवार, सकाळी ८:०५

सर, आपल्याविषयी पूर्ण आदर ठेवून असहमती नोंदवतो. (गाडी इगतपुरीच्या पुढे गेली की नेटवर्क जाते, म्हणून घाईत लिहीत आहे.) आम्ही कॉलेजात निळ्या पडद्याच्या टर्बो सीवर शिकलो. तेथे प्रत्येक व्हेरिएबलचा प्रकार जाहीर करावा लागे, आणि तरीही २०० गुणिले २०० केले की उत्तर उणे २५५३६ येई. कारण त्या कंपायलरमध्ये (प्रोग्रामचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) इंट १६ बिटांचा होता आणि त्यात ३२७६७ च्या पुढची संख्या मावत नसे. ४०००० मधून ६५५३६ वजा झाले आणि उरले ते पडद्यावर आले. ५ भागिले २ बरोबर २ येई, कारण दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच असायचा. फ्लोट छापताना चुकून टक्का-डी (पूर्णांक छापण्याची खूण) लिहिले तर काहीही निरर्थक आकडा दिसे. यांपैकी एकाही ठिकाणी प्रोग्राम थांबत नसे. प्रकार जाहीर केला म्हणजे चूक पकडली गेली, असे होत नाही.

फळ्यावरचा_खडू | मंगळवार, सकाळी ८:५०

आपला मुद्दा योग्य आहे. सी भाषा प्रकार विचारते, पण पहारा ठेवत नाही. माझ्या म्हणण्याचा रोख पहाऱ्यावर होता, हे मी स्पष्ट लिहायला हवे होते. जावामध्ये इंटच्या जागी ५.५ ठेवले तर प्रोग्राम चालू होण्यापूर्वीच कंपायलर अडवतो, तो पहारा मला अभिप्रेत आहे.

हिशोबनीस | मंगळवार, दुपारी १:१५

मी प्रोग्रामर नाही. हिशोबाची कामे करतो आणि दिवसभर एक्सेलमध्ये असतो, पण हा धागा वाचून आमच्या अर्ध्या भांडणांचे मूळ समजले.

एकदा जमिनींची यादी करायची होती. गट क्रमांकाच्या रकान्यात १२/३ लिहिले की एक्सेलने त्याचा १२ मार्च केला. गंमत म्हणून ७/१२ लिहून पाहिले, तर ७ डिसेंबर आला. ज्या कागदासाठी लोक तलाठी कार्यालयात हेलपाटे घालतात त्याची तारीख करून टाकली! रकाना आधी ‘टेक्स्ट’ या प्रकाराचा करून मग लिहिले तर ते तसेच राहते. नंतर प्रकार बदलला तर मूळ मजकूर परत येत नाही, तारखेमागचा पाच आकडी क्रमांक समोर येतो.

याच्या उलट प्रकारही होतो. दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून आलेल्या यादीत रकमा डाव्या कडेला चिकटलेल्या दिसतात आणि कोपऱ्यात हिरवा त्रिकोण असतो. त्या रकमा नसून मजकूर असतो. त्या रकान्याची बेरीज मागितली की एक्सेल अशा घरांना मोजतच नाही आणि शून्य दाखवतो. एका संस्थेच्या हिशोबात मी या शून्यामागे पूर्ण संध्याकाळ घालवली आहे. बँक खात्याच्या क्रमांकाचेही तसेच: सुरुवातीचे शून्य गळून पडते, आणि क्रमांक पंधरापेक्षा जास्त अंकांचा असेल तर पुढच्या अंकांचे शून्य होते.

तेव्हापासून मी स्वतःपुरता एक प्रश्न ठरवला आहे: याची बेरीज किंवा सरासरी कधी करायची आहे का? नसेल, तर ते आकड्यांत लिहिलेले असले तरी संख्या नाही. नाशिकचा ४२२००१ आणि दुसऱ्या एखाद्या गावाचा पिनकोड यांची सरासरी काढून पत्र कोणाला पाठवणार? मोबाइल क्रमांक, पिनकोड, गट क्रमांक, गाडीचा क्रमांक हे सगळे मजकूर.

गोदाकाठ | मंगळवार, दुपारी २:३०

हिशोबनीस यांच्या तारखेच्या अनुभवाला मोठी सोबत आहे. काही मानवी जनुकांची संक्षिप्त नावे ‘मार्च’ आणि ‘सेप्ट’ या अक्षरांनी सुरू होत आणि पुढे क्रमांक असे. संशोधकांच्या एक्सेल याद्यांमध्ये त्यांच्या तारखा होत राहिल्या. शेवटी जनुकांना नावे देणाऱ्या समितीने नावेच बदलली आणि २०२० मध्ये तसे जाहीर केले. एक्सेल बदलण्यापेक्षा जनुकांची नावे बदलणे सोपे ठरले.

उन्हाळकांदा | मंगळवार, रात्री ९:३०

सर्वांचे आभार. सातपूरशिफ्ट दादांनी सांगितल्याप्रमाणे सगळे रूपांतर इनपुटच्या ओळींवर नेले आणि मधले सहा इंट काढून टाकता आले. बेरीज आता २१५० येते.

दोन नव्या गोष्टी घडल्या. भाव विचारल्यावर मी सवयीने १,३५० असा स्वल्पविराम देऊन लिहिला, तर व्हॅल्यूएरर आला. नंतर वडिलांनी त्यांच्या फोनवर तोच प्रोग्राम चालवून पाहिला. त्यांचा की-बोर्ड मराठी आहे आणि त्यांनी देवनागरी आकड्यांत १३५० लिहिले. मला वाटले आता नक्की अडणार, पण उत्तर बरोबर आले! इंग्रजी आकड्यांतला स्वल्पविराम चालत नाही, पण मराठी आकडे चालतात, हे कसे?

सातपूरशिफ्ट | मंगळवार, रात्री १०:१०

हा पायथनचा फारसा सांगितला न जाणारा गुण आहे. जगातल्या लिप्यांच्या चिन्हांची जी सामाईक यादी आहे, तिला युनिकोड म्हणतात. तिच्यात देवनागरी ५ हे चिन्ह ‘दशमान अंक, किंमत पाच’ असेच नोंदलेले आहे. पायथनचे इंट आणि फ्लोट ती नोंद वाचतात, त्यामुळे देवनागरी अंकही त्यांना कळतात. जावास्क्रिप्टमध्ये देवनागरी आकड्यांची संख्या करायला गेलात तर ‘ही संख्या नाही’ असे उत्तर मिळेल.

स्वल्पविराम मात्र अंक नाही आणि तो कोठे द्यायचा याचे संकेत देशोदेशी वेगळे आहेत. आपण १,३५,००० लिहितो तेच इतरत्र १३५,००० लिहितात, आणि युरोपातल्या काही देशांत स्वल्पविराम हेच दशांशचिन्ह असते. म्हणून इंट त्याला हात लावत नाही. इनपुटमधून स्वल्पविराम रिप्लेस या आज्ञेने आधी काढून टाका आणि मग इंट लावा. पुढेमागे चुकून पडलेली मोकळी जागा इंट स्वतः दुर्लक्षित करतो, तिची काळजी नको.

कट्टेकरी | मंगळवार, रात्री १०:३०

मग सगळा प्रोग्राम ट्राय-एक्सेप्टमध्ये (एरर पकडण्याच्या रचनेत) गुंडाळावा. एरर आला की ‘काहीतरी चुकले’ असे छापायचे आणि पुढे जायचे.

फळ्यावरचा_खडू | बुधवार, सकाळी ६:५५

कट्टेकरी, आपण परवा कापलेल्या साठ किलोंवरून काही शिकला नाहीत असे दिसते. सगळा प्रोग्राम गुंडाळला तर वजाबाकीतला टाइपएररही त्यात झाकला जाईल, जो वापरणाऱ्याचा दोष नसून लिहिणाऱ्याचा आहे. ट्राय फक्त रूपांतराच्या ओळीभोवती असावा, पकडायचा तो फक्त व्हॅल्यूएरर, आणि पुढे न जाता तीच माहिती पुन्हा विचारावी. थोडक्यात, आमचे ‘रीडू फ्रॉम स्टार्ट’ हाताने लिहावे.

दशांशचिन्ह | बुधवार, सकाळी १०:००

धागाकर्तीने वजनासाठी फ्लोट घेतला असेल, म्हणून पैशांविषयी एक इशारा देतो. फ्लोट हा संगणकात द्विमान पद्धतीने साठवला जातो आणि त्या पद्धतीत ०.१ ही संख्या नेमकी लिहिताच येत नाही, जशी दशमान पद्धतीत एक तृतीयांश लिहिता येत नाही. म्हणून पायथनला ०.१ अधिक ०.२ विचारले तर तो ०.३०००००००००००००००४ सांगतो. पैशांचा हिशोब करायचा असेल तर पूर्णांक पैशांत करावा किंवा दशमान संख्या नेमकी ठेवणारा डेसिमल हा प्रकार वापरावा. डेसिमलला मात्र किंमत स्ट्रिंग म्हणूनच द्यावी. फ्लोट दिला तर तो फ्लोटमधली चूकही इमानेइतबारे उतरवून घेतो. म्हणजे इनपुटमधून आलेली स्ट्रिंग, जिच्यावर या धाग्यात इतका राग निघाला, ती येथे उपयोगी पडते.

सातपूरशिफ्ट | बुधवार, सकाळी १०:४५

तत्त्व बरोबर आहे, पण या प्रोग्रामला डेसिमलची गरज नाही असे मला वाटते. काट्याची चिठ्ठी किलोत असते. क्विंटल करून लिहिण्याऐवजी किलोच विचारावेत: ३१६० आणि १९२०, निव्वळ १२४०. मग १२४० गुणिले १३५० भागिले १०० म्हणजे १६७४० रुपये. दशांशाचा प्रश्न शेवटच्या पायरीपर्यंत येतच नाही.

फक्त एक लक्षात ठेवा: पायथन ३ मध्ये एका तिरक्या रेघेचा भागाकार नेहमी फ्लोट देतो, त्यामुळे नि:शेष भाग गेला तरी १६७४०.० असे दिसेल. ती चूक नाही, तो प्रकार आहे.

गोदाकाठ | बुधवार, दुपारी १२:२०

किलो आणि क्विंटलचा विषय निघाला म्हणून लिहिते. डेटा टाइप जुळले म्हणजे सगळे जुळले असे नाही. १९९९ च्या सप्टेंबरमध्ये नासाचे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान मंगळाशी पोहोचताना नष्ट झाले. जमिनीवरच्या एका सॉफ्टवेअरने इंजिनाच्या जोराचे आकडे पौंडांच्या मापात दिले आणि दुसऱ्याने ते न्यूटनच्या मापातले समजून वापरले. दोन्ही बाजूंना संख्याच होत्या, म्हणून कोणताही टाइपएरर येण्याचा प्रश्न नव्हता. तुमच्या प्रोग्राममध्ये एकाने किलो आणि दुसऱ्याने क्विंटल लिहिले तर पायथन काही बोलणार नाही. व्हेरिएबलच्या नावातच ‘वजन_किलो’ असे लिहावे, हा माझा आग्रह आहे.

पंचवटी_पासधारक | बुधवार, रात्री ८:४०

आणि निव्वळ प्रकाराच्या रूपांतरानेही यान पडले आहे. ४ जून १९९६ रोजी एरियन-५ या युरोपीय रॉकेटच्या पहिल्या उड्डाणात ६४ बिटांचा फ्लोट १६ बिटांच्या पूर्णांकात ठेवायचा प्रयत्न झाला, तो मावला नाही, आणि सुमारे ४० सेकंदांत रॉकेट नष्ट झाले. ती मर्यादा आमच्या टर्बो सीचीच होती: ३२७६७. तो सॉफ्टवेअरचा भाग एरियन-४ वरून जसाच्या तसा घेतलेला होता, आणि त्या रॉकेटच्या वेगाला ही संख्या कधी एवढी मोठी होतच नसे.

मिसळ_तर्री_कमी | बुधवार, रात्री ८:५५

कांद्यावरून मंगळापर्यंत आलोच आहोत तर माझाही एक अनुभव. उधारीच्या यादीत ‘पैसे मिळाले का?’ असे विचारून उत्तराला बूल (खरे की खोटे असा प्रकार) लावले होते. ‘नाही’ असे लिहिले तरी पायथन ‘ट्रू’ सांगायचा. रिकामी नसलेली कोणतीही स्ट्रिंग त्याच्या लेखी खरीच असते. संपूर्ण गल्लीची उधारी एका रात्रीत फिटली!

उन्हाळकांदा | गुरुवार, रात्री ९:४५

एक कबुली देते. हिशोबाचा प्रोग्राम किलोवर आणला, नावे बदलली, चुकीच्या इनपुटला पुन्हा विचारण्याची सोय केली आणि आता सगळे समजले अशा थाटात पुढचे काम घेतले. हंगामातले सगळे भाव एका सीएसव्ही फाइलमध्ये लिहून ठेवले होते. त्यातला सर्वांत जास्त भाव मॅक्स या आज्ञेने काढला. उत्तर आले ९५०. यादीत १३५० आणि ११०० दोन्ही होते. वडील म्हणाले, “त्या दिवशी तर सगळ्यात कमी भाव होता.” एरर नाही, इशारा नाही, काही नाही.

अर्धा तास यादी पाहत बसले. मग टाइप विचारून पाहिला तेव्हा कळले की फाइलमधून आलेले सगळे भाव स्ट्रिंग होते. शब्दकोशात शब्द लावतात तशी पहिल्या चिन्हापासून तुलना झाली आणि ९ हे १ च्या नंतर येते, म्हणून ९५० मोठा ठरला. इनपुटच्या ओळींवर मी पहारा बसवला होता, पण फाइल हीसुद्धा बाहेरून आत येण्याची वाट आहे हे डोक्यातच आले नाही.

पहिल्या दिवशी मी एररमुळे वैतागून येथे लिहिले होते. आता मोजले तर प्रोग्राम थांबला त्या प्रत्येक वेळी नुकसान काही झाले नाही. अठरा लाखांचे भाडे आणि ९५० चा भाव ही दोन्ही उत्तरे प्रोग्राम न थांबता आली होती आणि दोन्ही वेळा चूक वडिलांनी पकडली.

सातपूरशिफ्ट | गुरुवार, रात्री १०:२०

सीएसव्ही ही साधी मजकुराची फाइल असते आणि पायथनचे सीएसव्ही मॉड्यूल नेहमीच्या वापरात प्रत्येक रकाना स्ट्रिंग म्हणूनच देते, त्यामुळे हे होणारच होते. इनपुट, फाइल, वेबवरच्या अर्जातले रकाने, आज्ञेसोबत दिलेली माहिती या सगळ्या वेशी आहेत. वाचतानाच भावाच्या रकान्याला इंट लावा, आणि तारखेचा व ट्रॅक्टरच्या क्रमांकाचा रकाना हिशोबनीस यांच्या कसोटीने तपासा. आणि वडिलांना रोज उत्तर दाखवत जा. अपेक्षित उत्तर आधीच ठाऊक असलेला परीक्षक आम्हाला कंपनीत सहज मिळत नाही.

उन्हाळकांदा | शुक्रवार, सकाळी ७:१५

वडिलांची एक मागणी आहे. रक्कम १,२३,४५६ अशी लाखाच्या स्वल्पविरामाने दिसावी. एफ-स्ट्रिंगमध्ये (मजकुरात किंमत घालून छापण्याच्या सोयीत) स्वल्पविराम दिला तर १२३,४५६ असे येते.

दशांशचिन्ह | शुक्रवार, सकाळी ९:०५

एफ-स्ट्रिंगमधला तो स्वल्पविराम दर तीन अंकांनीच पडतो. आपल्या पद्धतीसाठी छोटे फंक्शन लिहावे लागेल: शेवटचे तीन अंक वेगळे काढायचे, उरलेल्यांचे उजवीकडून दोन-दोन गट करायचे आणि मध्ये स्वल्पविराम घालायचा. हे अंक कापण्याचे काम स्ट्रिंगवरच होते, म्हणून आधी रकमेला एसटीआर (संख्येची स्ट्रिंग करणारी आज्ञा) लावा. फंक्शनमधून जे बाहेर येईल तीही स्ट्रिंगच असेल, तेव्हा ती फक्त छापायला वापरा आणि बेरजेसाठी मूळ रक्कम वेगळ्या व्हेरिएबलमध्ये तशीच राहू द्या.